राणीला देऊन टाकायचं का?

वाचकाचं पत्र : आमच्याकडे दोन वर्षांपासून तीन कोंबड्या आहेत. बारा दिवसांपूर्वी नऊ आठवड्यांची चार पिल्लं आणली. रात्री मोठ्या कोंबड्या झोपल्यावर पिल्लं हळूच आत सोडली की सकाळी कुणाला काही कळत नाही, असं ऐकलं होतं, तसंच केलं. पण आमची थोरली, राणी, त्यांना दिसेल तिथे हाणते. चौघी दिवसभर शिडीच्या मागे एकमेकींना चिकटून बसतात आणि राणी अंडं घालायला गेली की तेवढ्यात धावत येऊन खातात. खाण्याचं आणि पाण्याचं भांडं एकेकच आहे, खुराड्याच्या दाराशेजारी कोपऱ्यात. काल काळ्या पिल्लाच्या डोक्यामागची पिसं गेलेली दिसली आणि रक्तही आलं होतं. आता बाकीच्या दोघीही तिला टोचायला लागल्या आहेत. सासूबाई म्हणतात, बळी तो कान पिळी, कोंबड्यांत असंच चालायचं, आपण मधे पडू नये. मुलगा म्हणतो, राणीला देऊन टाक. मला दोन्ही पटत नाही. काय करू? (ता. क. चौघींपैकी एकीचे पाय जाड आहेत आणि तुरा आत्ताच लाल दिसतो. त्याचा काही संबंध असेल का?)

उत्तर : ताई, राणीला इतक्यात कुठेही पाठवायचं नाही, एवढं मुलाला सांगून टाका. कारण पुढे येईलच. तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष राणीवर कमी आणि त्या काळ्या पिल्लावर, शिवाय दाराशेजारच्या कोपऱ्यातल्या त्या एकुलत्या एका भांड्यावर जास्त गेलं.

पिल्लाचं आधी बघू, कारण ते उद्यावर टाकता येणार नाही. तिला आजच बाहेर काढा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ-दहा ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवा, वर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि खपली धरून सुकेपर्यंत कळपात सोडू नका. कोंबडीला रंग उत्तम दिसतात. उघड्या कातडीवरचा लाल ठिपका दिसला की जिचं काही भांडण नाही तीसुद्धा येऊन टोचून जाते. बाकीच्या दोघी सामील झाल्या त्या यामुळे. त्यांनी राणीची बाजू वगैरे घेतलेली नाही. जखम खोल असेल, डोळ्याजवळ सूज असेल किंवा माश्या घोंगावत असतील तर पशुवैद्याला दाखवा. आणि तिला एकटीला ठेवू नका. बरोबर एक बहीण द्या, पिंजरा बाकीच्यांना दिसेल अशा जागी ठेवा. एकट्याने चार-सहा दिवस नजरेआड राहिलेलं पिल्लू परत आलं की पुन्हा पाहुणं ठरतं, आणि मार पहिल्यापासून सुरू होतो.

दुसरं काम आज रात्रीचं. चौघी झोपल्या की एकेकीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला बोटांनी चाचपा. तिथे दाणे साठवण्याची पिशवी असते. दिवसभर पोटभर खाल्लेल्या पक्ष्याची ती रात्री भरलेली, टणक लागते आणि सकाळी रिकामी असते. झोपतानाच ती रिकामी लागली तर त्या पिल्लाला खायलाच मिळत नाहीये, मग अंगावर एकही ओरखडा नसला तरी. कोंबड्यांच्या दादागिरीत रक्तापेक्षा उपासमारीने जास्त नुकसान होतं आणि ते पिसांखाली झाकलेलं राहतं. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चौघींचं वजन करून लिहून ठेवा. वाढत्या वयात वजन जागच्या जागी राहिलं तर काहीतरी बिनसलंय असं समजा.

आता राणीकडे येऊ. कोंबड्यांचं टोचणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी प्रकार ओळखावा लागतो. एक टोचणं मानपानाचं. ते डोक्यावर, तुऱ्यावर, मानेवर होतं. मान ताठ करून, समोरून किंवा पाठलाग करून. दुसरं पिसं उपटण्याचं. ते पाठीवर, शेपटीच्या बुडाशी किंवा गुदद्वाराजवळ होतं. टोचणारी मागून अगदी शांतपणे येते, पीस ओढते, कधी गिळूनही टाकते. त्यात राग नसतो. जमीन उकरून खाणं शोधायची कोंबडीला उपजत ओढ असते. उकरायला काही मिळालं नाही की ती ओढ शेजारणीच्या पिसांकडे वळते. खाद्यात प्रथिनं कमी पडली, जागा दाटीची झाली, उजेड फार प्रखर असला की हे वाढतं. त्यावर औषध म्हणजे पेंढा, पालापाचोळा, त्यात विखरून टाकलेले दाणे, उंचावर टांगलेला पालेभाजीचा गड्डा. थोडक्यात, चोचीला दिवसभर काम. गुदद्वाराजवळची जखम दिसली तर मात्र तो पक्षी त्याच क्षणी उचलायचा, कारण तिथलं टोचणं आतड्यापर्यंत जाऊन जीव घेऊ शकतं.

तुमच्याकडे जखम डोक्यामागे आहे आणि राणी पाठलाग करते. म्हणजे भांडण मानपानाचंच.

या मानपानाचा पहिला पद्धतशीर अभ्यास नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी केला. वयाच्या दहाव्या वर्षापासून ते स्वतःच्या कोंबड्यांच्या नोंदी ठेवत होते आणि १९२१च्या प्रबंधात त्यांनी टोचण्याची उतरंड मांडली. कोण कुणाला टोचू शकते हे प्रत्येक जोडीत एकदा ठरतं आणि मग बहुतेक वेळा पाळलं जातं. ही उतरंड नेहमी सरळ रेषेत असतेच असं नाही. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच, असली चक्रंही त्यांना आढळली. पण तुमच्या कामाची गोष्ट ही की उतरंड बसली की भांडणं कमी होतात. मग नुसतं मान उंचावून बघितलं तरी खालची बाजूला होते, चोच लावावी लागत नाही.

इथे सासूबाईंचं म्हणणं निम्मं खरं आहे. हे सगळ्या कळपांत होतं आणि प्रत्येक टोचणीला धावून जाणारा माणूस उतरंड बसूच देत नाही. पण उरलेलं निम्मं त्यांच्या वाक्यात येत नाही. ही व्यवस्था चालते ती हरलेलीला निघून जायला जागा असेल तरच. रानकोंबड्यांत हरलेली मादी चार पावलं जाऊन झुडपाआड होते आणि विषय संपतो. ‘मी मागे हटले’ हे सांगायची कोंबडीची भाषा म्हणजे तिथून जाणं. तुमचं पिल्लू भिंत आणि शिडी यांच्यात अडकलेलं असताना ते हटणार कुठे? ते जागच्या जागी दबून राहतं. राणीच्या दृष्टीने समोरची अजून तिथेच उभी आहे, म्हणजे तिने मानलेलं नाही. मग पुन्हा चोच. शिवाय तीन मोठ्या आणि चार लहान म्हणजे बारा नव्या जोड्यांचं नातं एकदम ठरायचं आहे, तेही एका दाराशी आणि एका भांड्यापाशी. अंगापिंडाने दोन्ही बाजू बरोबरीच्या नाहीत हे वेगळंच. म्हणूनच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, बारा ते सोळा आठवड्यांच्या, मोठ्यांच्या जवळपास आकाराच्या झाल्या की मगच एकत्र कराव्यात. तुम्ही थोडी घाई केलीत, पण ते सावरता येईल.

सावरायचं ते असं. अंगणाचा एक भाग जाळीने वेगळा करा आणि चारही पिल्लांना तिथे हलवा. त्यांचं खाणं, पाणी, रात्रीची झोप सगळं तिकडेच. आरपार दिसेल पण चोच पोचणार नाही अशी जाळी हवी. एक ते दोन आठवडे असंच चालू द्या. दोन्हीकडची खाण्याची भांडी जाळीला लागून, समोरासमोर ठेवा. आधी राणी जाळीवर धावून जाईल. नंतर कंटाळेल. ती जाळीशेजारी उभी राहून आपलं आपलं टिपत बसली आणि पलीकडची पिल्लं दचकेनाशी झाली की पुढे जायचं. कॅलेंडर बघून जाळी काढू नका, राणीकडे बघून काढा.

या दोन आठवड्यांत मोठ्या भागाची मांडणी बदला. खरं काम हेच आहे. खाण्याची निदान दोन आणि पाण्याची दोन भांडी, विरुद्ध टोकांना आणि शक्यतो एकापाशी उभं राहिल्यावर दुसरं दिसणार नाही अशी. राणी एका वेळी एकाच ठिकाणी राखण करू शकते. कोपरे मोडा : भिंतीला तिरकी टेकवलेली फळी, उभं केलेलं पिंप, झाडाची वाळकी फांदी. प्रत्येक आडोशाला दोन्ही बाजूंनी वाट हवी. एका तोंडाची पेटी ठेवलीत तर सापळा तयार होईल. पिल्लं सहज शिरतील पण मोठ्या कोंबडीला शिरता येणार नाही, अशी फट ठेवून एक छोटा कप्पा करता आला तर फारच छान. आत त्यांचं स्वतःचं खाणं-पाणी ठेवायचं. फट आधी मोठ्या कोंबडीच्या छातीच्या मापाने ताडून बघा, नाहीतर कुणीतरी अर्धवट अडकून बसेल.

जागेचा हिशेबही एकदा करून बघा. खुराड्याच्या आत दर कोंबडीला साधारण चार चौरस फूट आणि बाहेरच्या कुंपणात आठ ते दहा, असं धरतात. सात जणींसाठी आत अठ्ठावीस आणि बाहेर छप्पन ते सत्तर चौरस फूट होतात. तिघींसाठी बांधलेल्या खुराड्यात एवढं बसत नसेल तर मी इथे लिहिलेल्या सगळ्या युक्त्या दोन दिवस चालतील आणि तिसऱ्या दिवशी भांडण परत येईल. रात्री बसायच्या दांडीवर प्रत्येकीला वीस ते पंचवीस सेंटिमीटर लागतात. दोन दांड्या केल्यात तर एकाच उंचीवर करा, कारण वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी तंटा होतो.

खाद्याचा एक धोका तुमच्या पत्रात नाही, पण तो असणारच. भांडं एक म्हणजे पिल्लंही अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य खात असतील. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. एकत्र असतील तोवर सगळ्यांना वाढत्या पिल्लांचं ग्रोअर खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना कवचासाठी लागतो त्या मोठ्या कोंबड्या तो आपणहून टिपतात, लहान सहसा तिकडे वळत नाहीत.

राणी एकदम अशी का वागायला लागली, हे तिच्या अंगाकडे बघूनही तपासा. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी पेटीतून उठत नाही, फुगून बसते, जवळ गेलं की गुरगुरते आणि बाहेर आली की समोर येईल तिला चोपते. पण तुमची राणी अंडं घालून परत फिरते, त्यामुळे ही शक्यता कमी. पिसं झडण्याच्या दिवसांत नवी पिसं फुटताना अंग हुळहुळं होतं, प्रथिनंही जास्त लागतात, आणि कोंबडी चिडचिडी होते. तिसरी शक्यता लाल माईटची. हे किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात, त्यामुळे दिवसा कोंबडी चाळून काहीच सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. लालसर डाग उमटले तर भांडण सोडून आधी खुराड्याच्या स्वच्छतेला लागा. रात्रभर किडे चावलेल्या कोंबडीकडून शहाणपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

जाळी काढायचा दिवस असा निवडा की तुम्हाला तासभर तिथे थांबता येईल. मोकळ्या जागेत, दोन-तीन ठिकाणी खाणं विखरून, चारही पिल्लं एकदम सोडा. एकेक कधीच नाही, कारण मग सगळ्यांचा रोख एकीवर जातो. पहिल्या दिवशी थोडाच वेळ, मग रोज वाढवत न्या. टोचाटोची होईल. डोक्यावर एक चोच बसली, पिल्लू ओरडून पळालं आणि राणी वळून आपल्या कामाला लागली, तर तुम्ही जागेवरून हलायचं नाही. पळालेल्या पिल्लाच्या मागे ती पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली, कोपऱ्यात दाबून टोचत राहिली, वर चढून पिसं ओढू लागली किंवा भांड्यापाशी उभी राहून कुणालाच येऊ देईना, तर थांबवायचं. रक्त दिसलं तर विचारही करायचा नाही.

रात्री गुपचूप आत सोडण्याच्या युक्तीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. अंधारात कोंबडीला दिसत नाही म्हणून ती गप्प असते, एवढंच. उजाडल्यावर तिला दिसतं की ही आपली नव्हे. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या प्रामुख्याने तुरा आणि चेहऱ्यावरून, आणि ती ओळख पक्की असते. जाळीतली ओळख झाल्यानंतर रात्री दांडीवर बसवणं ठीक, पण मग पहाटे तुम्ही दार उघडायला तिथे हव्यात. बंद खुराड्यात उजाडल्यानंतरचा पहिला तास वाईट असतो.

एवढं करूनही राणी थांबली नाही तर कळपातून तिला काढायचं, पिल्लांना नाही. तिला स्वच्छ पिंजऱ्यात, खाणं-पाणी आणि सावली देऊन, बाकीच्या दिसणार नाहीत अशा ठिकाणी चार ते सात दिवस ठेवा. ही शिक्षा नव्हे आणि तिला ती शिक्षा म्हणून कळतही नाही. तिच्या मागे उरलेल्या सहा जणी आपली उतरंड लावून घेतात आणि ती परतते तेव्हा तिला पाहुणीसारखं आत यावं लागतं. बऱ्याचदा तेवढ्याने तोरा उतरतो. परत आल्यावर पुन्हा तेच सुरू केलं तर आणखी एकदा, थोडे जास्त दिवस. वेगळी असताना तिची अंडी थांबली तर घाबरू नका, जागा बदलली की असं होतं.

काय करू नये तेही सांगते, कारण कुणीतरी सुचवेलच. मारणं, पाण्यात बुडवणं, उलटं धरणं यातून ती फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल. तिला जमिनीवर दाबून ‘इथली मालकीण मी’ असं दाखवायचा सल्ला बऱ्याच जणी हिरिरीने देतात. मला तो माणसांनी माणसांसाठी रचलेला नाट्यप्रयोग वाटतो. चोचीचं टोक कापू नका, त्यात मज्जातंतू असतात आणि वेदना होतात. चोचीवर बसवायच्या, समोरचं दिसू न देणाऱ्या प्लॅस्टिकच्या झापडा मिळतात. अगदीच शेवटी, बिनटाचणीच्या असतील तर आणि थोड्या दिवसांसाठी चालतील. नाकपुड्यांमधला पडदा टोचून बसवतात त्या नकोतच.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आता. राणी गेली की दुसऱ्या नंबरची वर सरकेल, आणि ती मवाळ असेल याची खात्री कुणी द्यावी? शिवाय भांडं त्याच कोपऱ्यात आणि वाट तीच एक राहिली तर नव्या राणीलाही तेच सुचेल. मांडणी बदलली, जागा पुरेशी दिली, दोनदा वेगळं ठेवून पाहिलं आणि तरीही ती रक्त काढत राहिली, तर द्या तिला. अशा कोंबड्या थोड्या असतात, पण असतात. घेणाऱ्याला तिचा स्वभाव न लपवता सांगा आणि जिथे सगळ्या तिच्याच अंगाच्या मोठ्या कोंबड्या आहेत अशाच घरी द्या.

सगळं स्थिरस्थावर झाल्यावर पुन्हा एकदा कुरबुर होईल, त्यासाठी मनाची तयारी ठेवा. साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या सुमारास तलंगा अंड्यावर येतात, तुरे लाल होतात, अंगात बळ येतं, आणि त्यांतली एखादी राणीला उलट उत्तर देऊन बघते. ते बहुधा थोडक्यात मिटतं. त्या वेळी अंड्यांच्या पेट्या दोन तरी असू द्या. आणि पुढच्या वेळी नवे पक्षी आणले तर आधी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे, लांब ठेवा. ते भांडणासाठी नाही, आजारासाठी. या वेळी ते राहून गेलंय, म्हणून शिंका, डोळ्यांतून पाणी किंवा पातळ विष्ठा दिसतेय का यावर लक्ष असू द्या.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. या वयात जाड पाय आणि लाल तुरा म्हणजे ती ‘ती’ नसून ‘तो’ असण्याची शक्यता बरीच आहे. काही आठवड्यांनी शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार पिसं लोंबायला लागली की खात्री पटेल. माद्यांची तिथली पिसं टोकाला गोलसर असतात. सध्या राणी त्यालाही बदडत असेल, पण वाढल्यावर तो तिला जुमानणार नाही. मोठा कोंबडा कोंबड्यांच्या भांडणात पडून ती मोडतोही, म्हणून कुणी सांगेल की आता वेगळं काही करायला नको, तोच बघून घेईल. त्याच्या भरवशावर राहू नका, कारण त्याला मोठं व्हायला अजून काही महिने आहेत आणि काळ्या पिल्लाला खायला आज हवंय. शिवाय एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या असलेल्या बऱ्या. सहाच असल्या तर त्याच्या चढण्याने त्यांच्या पाठीची पिसं घासली जातात आणि उघड्या पाठीला पुन्हा टोचणी लागते. ठेवायचा की नाही ते तेव्हा ठरवा. ठेवायचा असेल तर भल्या पहाटेचं आरवणं चालेल का, हे शेजाऱ्यांना त्याचा आवाज फुटायच्या आतच विचारून घ्या.